टॅस मध्येच भरकटतो? मारिओ मरतो तिथे चूक शोधू नका

काल रात्री सुपर मारिओ ब्रदर्सच्या बटणांची नोंद असलेली फाइल शेवटपर्यंत नीट चालली. आज दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल, तोच गेम, आणि मारिओ ८-३ मध्ये, म्हणजे आठव्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये, हातोडा लागून मरतो. त्यानंतरचं बघवत नाही. मारिओ पुन्हा उभा राहतो आणि जुन्याच बटणांच्या तालावर पाइपला धडका देत राहतो, कारण तो मेलाय हे फाइलला ठाऊकच नसतं. बटणं आणि गेम यांचा ताळमेळ असा सुटणं, यालाच डीसिंक म्हणतात. टूल-असिस्टेड स्पीडरन, म्हणजे टॅस (गेम कमीत कमी वेळात संपवणारी, सॉफ्टवेअरच्या मदतीने बटणं आधीच बांधून ठेवलेली धाव), बनवणाऱ्या किंवा नुसता चालवून बघणाऱ्या प्रत्येकाला हा कधी ना कधी भेटतोच, आणि एकदा घालवला तरी महिन्याभराने नव्या गेमबरोबर परत येतो.

मी या छंदात पडलो तो जुन्या चित्रफिती बघून. ‘टूल-असिस्टेड’ हा शब्द १९९९ च्या सुमारास डूम खेळणाऱ्यांमध्ये रुळला. २००३ मध्ये मोरिमोटो या जपानी खेळाडूची सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची साधारण ११ मिनिटांची चित्रफीत जगभर फिरली. बऱ्याच जणांना वाटलं की माणूस एका दमात असा खेळला. खरं तर ती एक-एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) पुढे सरकवत, चुकलं की सेव्हस्टेटवर, म्हणजे आधी जतन केलेल्या क्षणावर, मागे येत बांधलेली होती. कळल्यावर काही जण चिडले. मला मात्र तेव्हाच ती जास्त आवडली. कुणीतरी इतक्या धीराने बसून त्या यंत्राचा कोपरा न् कोपरा तपासलाय, हे पडद्यावर दिसतं.

डीसिंक समजून घ्यायचा तर आधी फाइलमध्ये काय असतं ते डोळ्यांनी बघा. एफसीईयूएक्स या एमुलेटरची, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची, एफएम२ फाइल नोटपॅडमध्ये उघडते. वर थोडी माहिती: एमुलेटरची आवृत्ती, रॉमचा (गेमच्या फाइलचा) चेकसम, म्हणजे ती फाइल ओळखायचा आकडा, आणि पाल (युरोपची टीव्ही पद्धत) आहे की नाही. खाली ओळीच ओळी. एक ओळ म्हणजे एक फ्रेम. ओळीत आठ जागा: उजवं, डावं, खाली, वर, स्टार्ट, सिलेक्ट, बी, ए. बटण दाबलेलं असेल तर अक्षर, नसेल तर टिंब. एनईएस, म्हणजे निन्टेंडोचं हे जुनं गेमयंत्र, सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम्स काढतं, म्हणजे पाच मिनिटांच्या धावेत साधारण १८,००० ओळी. बिझहॉक या दुसऱ्या एमुलेटरची बीके२ फाइल ही प्रत्यक्षात झिप असते. आत बटणांची नोंद वेगळी आणि सिंक सेटिंग्जची फाइल वेगळी सापडते.

बस, एवढंच. मारिओ कुठे आहे, गुंबा हा शत्रू कुठे आहे, यातलं काहीही फाइलमध्ये नाही. यंत्र दर वेळी अगदी त्याच अवस्थेतून सुरू होईल आणि त्याच पावलांनी चालेल, या भरवशावर सगळी धाव उभी असते. एका फ्रेमचा फरक पडला की पुढच्या हजारो ओळी चुकीच्या क्षणी दाबल्या जातात. पण तो फरक लगेच दिसेलच असं नाही, आणि लोक अडकतात ते इथेच. मीही अडकलो होतो.

माझी ८-३ ची गोष्ट

सुपर मारिओ ब्रदर्सची माझी एक धाव होती, वॉर्पच्या, म्हणजे मधल्या लेव्हली गाळणाऱ्या, वाटेने: १-१, १-२, ४-१, ४-२ आणि मग ८-१ ते ८-४. ती एका एमुलेटरवरून दुसऱ्यावर न्यायची होती. नेली, तर गेम सुरूच होईना. मारिओ टायटलवर थांबला आणि थोड्या वेळाने गेमचा स्वतःचा डेमो चालू झाला. कारण सरळ होतं. चालू केल्यावर पहिली फ्रेम नेमकी कुठून मोजायची, यात एमुलेटर एखाद्या फ्रेमने पुढे-मागे असतात. माझा स्टार्ट गेम बटणं वाचायला लागण्याआधीच दाबला जात होता.

म्हणून मी सुरुवातीला रिकाम्या ओळी घालायला लागलो. घाईत दहा-दहाच्या गठ्ठ्याने घातल्या: १०, २०, ३०, ४०. मग एक-एक करत ४३ वर आलो आणि १-१ चालला. १-२ चालला. ४-१, ४-२, ८-१, ८-२, सगळं ठीक. ८-३ मध्ये हातोडेवाल्या दोघा भावांपैकी एकाने हातोडा भलत्या वेळी फेकला आणि मारिओ गेला.

पुढचे तीन आठवडे मी ८-३ च दुरुस्त करत बसलो. उडी एक फ्रेम आधी, दोन फ्रेम नंतर, मध्ये थांबून, न थांबता. ८-३ पार झालाही, पण ८-४ मध्ये बाउझरने, म्हणजे शेवटच्या शत्रूने, नेमकी माझ्या वाटेवर आग सोडली. तेव्हा कुठे डोक्यात आलं की ८-३ मध्ये काही बिघडलेलंच नाही.

मग शांतपणे दोन्ही एमुलेटर शेजारी-शेजारी उघडले आणि रॅम वॉचमध्ये (गेमची मेमरी बघायच्या खिडकीत) मेमरीतले चार पत्ते लावले. ०००९ वर गेमचा फ्रेम मोजणारा आकडा. ००८६ वर मारिओची आडवी जागा. ०७७एफ वर २१ फ्रेम्सचा उलटा मोजणारा आकडा. आणि ०७ए७ पासून पुढे रँडमचे बाइट, ज्यांवरून काही शत्रूंची चाल ठरते. १-१ मध्ये मारिओ पहिल्यांदा हलतो ती फ्रेम दोन्हीकडे खूण म्हणून धरली. मारिओची जागा सारखी. २१ चा आकडा सारखा. रँडमचे बाइट पार वेगळे. म्हणजे डीसिंक ८-३ मध्ये झालाच नव्हता. पहिलं पाऊल पडायच्या आधीच तो झालेला होता.

या गेममधले बरेच टायमर दर फ्रेमला उतरत नाहीत, दर २१ फ्रेम्सनी एकदा उतरतात. एक लेव्हल संपून दुसरी सुरू होते ती या २१ च्या ठेक्यावर. मला खरं तर एकच रिकामी ओळ हवी होती. मी घातल्या ४३. जादा पडल्या ४२, म्हणजे २१ चे बरोबर दोन ठेके. त्यामुळे लेव्हलींची वेळ जुळली आणि मी फसलो. रँडमचं यंत्र मात्र या ठेक्याला बांधलेलं नाही. ते प्रत्येक फ्रेमला एकदा फिरतं, टायटलवरसुद्धा. ते ४२ पावलं पुढे गेलं होतं.

गुंबा आणि कोपा हे साधे शत्रू त्या रँडमला विचारत नाहीत. १-१ आणि १-२ बिनबोभाट जातात ते म्हणून. ढगावरून अंडी टाकणारा लाकिटू विचारतो, ८-२ च्या तोफा विचारतात, हातोडेवाले भाऊ विचारतात. मागे जाऊन बघितलं तर ४-१ मध्येच लाकिटूने काटेरी अंडं वेगळ्या जागी टाकलेलं होतं. ते मी तेव्हाही पाहिलं होतं. मारिओ पुढे निघून गेला होता, त्याला काही झालं नव्हतं, म्हणून सोडून दिलं. ४२ ओळी काढल्या, एक ठेवली, आणि धाव गेमच्या शेवटच्या कुऱ्हाडीपर्यंत एकदाही न अडखळता गेली.

तेव्हापासून मी हे कटाक्षाने पाळतो: चित्रातली पहिली वेगळी गोष्ट दिसली की थांबायचं, मग ती मारिओपासून कितीही लांब असो.

फरक पहिल्यांदा कुठे पडला ते शोधण्याची रीत

फाइल जिथे नीट चालते त्या एमुलेटरवर लुआ भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट लावा. तिने दर फ्रेमला फ्रेम क्रमांक आणि पाच-सहा पत्त्यांवरच्या किमती मजकुराच्या फाइलमध्ये लिहायच्या. जिथे बिघडते तिथेही तीच स्क्रिप्ट. मग दोन मजकूर फाइली शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ शोधा. स्क्रिप्ट नको असेल तर हातानेही होतं: मधली फ्रेम तपासा, सारखी असेल तर पुढच्या अर्ध्यात, वेगळी असेल तर मागच्या अर्ध्यात. १८,००० फ्रेम्समध्ये अशा १५ फेऱ्यांत तुम्ही नेमक्या फ्रेमवर पोचता.

पत्ते निवडताना फक्त नायकाची जागा घेऊ नका. रँडम घ्या, फ्रेमचा आकडा घ्या, असेल तर लॅगचा, म्हणजे वाया गेलेल्या फ्रेम्सचा, आकडा घ्या. नायकाची जागा सर्वात उशिरा बोलते.

पहिली फरकाची फ्रेम कळली की अर्धं काम झालं. फरक पहिल्या एक-दोन सेकंदांत असेल तर खोट रॉम, रीजन, मेमरी किंवा सुरुवातीच्या फ्रेम्समध्ये. मध्येच कुठेतरी, गर्दीच्या प्रसंगात असेल तर लॅग.

रॉम

सर्वात आधी हेच बघा, पाच मिनिटांचं काम आहे. सुपर मारिओ ब्रदर्सची हेडरसकट (सुरुवातीच्या माहितीच्या तुकड्यासकट) फाइल ४०,९७६ बाइटची असते: प्रोग्रॅमचे ३२,७६८, चित्रांचे ८,१९२ आणि हेडरचे १६. आकार वेगळा असेल तर पुढे काही तपासू नका, फाइलच बदला. आकार बरोबर असेल तर चेकसम ताडून पाहा. यात एक घोटाळा होतो: काही प्रोग्रॅम हेडरसकट चेकसम काढतात, काही हेडर सोडून. त्यामुळे एकाच गेमचे दोन चेकसम दिसले तर लगेच रॉम खराब ठरवू नका, आधी दोन्ही एकाच पद्धतीने काढा. जुन्या काही फाइलींच्या हेडरमध्ये एका जुन्या साधनाने ‘डिस्कड्यूड’ ही अक्षरं कोंबलेली असतात. त्यामुळे मॅपरचा, म्हणजे कॅसेटच्या आतल्या मांडणीचा, क्रमांक ६४ ने वाढतो, आणि मारिओसारखा मॅपर शून्यचा गेम मॅपर ६४ म्हणून वाचला जातो. बरेच एमुलेटर हे आपणहून साफ करतात, सगळे नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. आपण लहानपणी ज्याला कॅसेट म्हणायचो, त्या ‘९९९९९९९ इन वन’ छापाच्या कॅसेटमधून काढलेली रॉम टॅससाठी वापरू नका. तिच्यात आधी मेन्यू सुरू होतो आणि मग गेम, त्यामुळे गेमला मिळणारी सुरुवात मूळ कॅसेटसारखी नसते. शिवाय त्या मेन्यूतले कितीतरी गेम हे एकाच मारिओचे थोडे बदललेले अवतार असायचे. त्या कॅसेटवर माझा जीव आहे, माझी जपून ठेवलेली आहे, पण धाव बांधायची ती मूळ रॉमवरच.

रीजन

अमेरिका-जपानचं एनईएस ६०.०९८८ फ्रेम्सचं, युरोपचं ५०.००७ चं. पहिल्यात चित्राच्या २६२ रेघा, दुसऱ्यात ३१२. युरोपच्या मारिओमध्ये हा फरक भरून काढायला मारिओच्या वेगाचे आकडेच बदललेले आहेत, त्यामुळे अमेरिकी धाव युरोपच्या रॉमवर १-१ च्या पहिल्या काही पावलांतच सुटते. हे लक्षण ओळखायला सोपं. रॉम बरोबर आणि एमुलेटर मात्र चुकून पालवर असेल, तर गेम नुसता संथ वाटतो आणि कधी कधी बराच पुढेपर्यंत सिंकही राहतो, त्यामुळे फसायला होतं. कानावर विसंबू नका. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, त्यांना जोडायची यंत्रंही बहुतेक तशीच, म्हणून आपल्यातल्या अनेकांच्या कानात बसलेली मारिओची धून मुळातच संथ आहे. सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा.

चालू करताना मेमरीत काय होतं

एनईएसमध्ये २ केबी रॅम आहे आणि चालू करताना तिच्यात काय असेल याची खऱ्या यंत्रावर खात्री नसते. एमुलेटर ती ठरावीक नमुन्याने भरतो. एफसीईयूएक्सचा नेहमीचा नमुना चार बाइट शून्य आणि चार बाइट २५५ असा आहे, पण सगळे शून्य, सगळे २५५ किंवा रँडम असेही पर्याय असतात. कुणीतरी गंमत म्हणून रँडम निवडून विसरलं, की त्या कॉम्प्युटरवर दर वेळी वेगळा निकाल लागू शकतो. दर वेळी वेगळ्या ठिकाणी डीसिंक होत असेल, तर मी सर्वात आधी इथे बघतो.

याने खरंच फरक पडतो का, असं कुणी विचारलं की मी मारिओचंच उदाहरण देतो. सुरू होताना हा गेम टॉप स्कोअरचे सहा आकडे तपासतो, प्रत्येक दहापेक्षा लहान आहे ना ते बघतो, आणि ०७एफएफ या पत्त्यावर १६५ आहे का ते बघतो. सगळं जुळलं तर तो समजतो की यंत्र बंद झालेलं नाही, नुसतं रिसेट झालंय, आणि मेमरीचा शेवटचा तुकडा पुसत नाही. त्याच तुकड्यात, ०७एफडी वर, ए धरून स्टार्ट दाबल्यावर कोणत्या वर्ल्डपासून पुढे जायचं तो आकडा असतो. म्हणजे चालू करतानाच्या मेमरीवरून गेम कुठून सुरू होईल हेसुद्धा ठरू शकतं.

बॅटरीवर सेव्ह होणाऱ्या गेम्समध्ये, उदाहरणार्थ झेल्डा किंवा कर्बीज अ‍ॅडव्हेंचर, हाच त्रास सेव्ह फाइल देते. लक्षण एकच: मेन्यूत आधीच नाव भरलेलं असतं आणि कर्सर भलत्या ओळीवर जातो. सेव्ह फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि पुन्हा चालवा.

लॅग: सर्वात चिवट कारण

एनईएसच्या प्रोसेसरला एका फ्रेममध्ये साधारण २९,७८० चक्रं मिळतात. पडद्यावर गर्दी झाली आणि गेमचं काम तेवढ्यात आटोपलं नाही, तर ती फ्रेम वाया जाते. गेम त्या फ्रेमला बटणं वाचतच नाही. ही लॅग फ्रेम. फाइलमध्ये तिच्यासाठीही ओळ असते, फक्त तिचा उपयोग होत नाही.

आता समजा एखाद्या फ्रेमला काम २९,७८० च्या अगदी काठावर आलं. एक एमुलेटर म्हणतो आटोपलं, दुसरा म्हणतो नाही. दोघांच्या हिशेबात चार-पाच चक्रांचा फरक, पण निकाल एका पूर्ण फ्रेमचा. तिथून पुढची प्रत्येक ओळ एका फ्रेमने सरकते. मेगा मॅन २ मध्ये हे मी इतक्यांदा भोगलंय की त्या गेममध्ये शत्रू आणि गोळ्या एकदम वाढल्या की माझी नजर आपोआप लॅगच्या आकड्याकडे जाते. एफसीईयूएक्समध्ये जुना आणि नवा पीपीयू (चित्र काढणारा भाग), बिझहॉकमध्ये नेसहॉक आणि क्विकनेस हे कोअर (यंत्राची नक्कल करणारे गाभे), यांच्यात असाच फरक पडतो. एकाच एमुलेटरच्या दोन आवृत्त्यांतही पडू शकतो.

इलाज दोन. पहिला, ज्या आवृत्तीवर आणि ज्या कोअरवर धाव बांधली तीच वापरा. कंटाळवाणा आहे, पण बहुतेक वेळा हाच पुरतो. दुसरा, धाव नव्या कोअरवर न्यायचीच असेल तर दोन्हीकडचा लॅगचा आकडा फ्रेमनिशी लिहून काढा. पहिल्यांदा तो जिथे वेगळा होतो तिथे या. नव्या कोअरला एक लॅग फ्रेम जास्त असेल तर तिथे एक रिकामी ओळ घाला, कमी असेल तर एक काढा. मग पुढे चालवा, पुढचा फरक शोधा, पुन्हा तेच. एका वेळी एकच जागा. तीन जागा एकदम दुरुस्त करायला गेलात तर कशाने काय सुधारलं ते कळत नाही.

रँडम फ्रेमवर अवलंबून असेल तर एवढ्यानेही भागत नाही. एक ओळ वाढली की रँडम पुढे सरकतं आणि शत्रू वेगळे वागतात. तिथे तो तुकडा नव्याने बांधावा लागतो. दुसरा मार्ग नाही, आणि ते करण्यात कमीपणाही नाही.

खऱ्या यंत्रावर चालवताना

हे वेगळंच प्रकरण आहे, थोडक्यात लिहितो. जानेवारी २०१४ मध्ये टॅसबॉट या, फाइलमधली बटणं दाबणाऱ्या रोबोटने खऱ्या सुपर निन्टेंडोवर सुपर मारिओ वर्ल्ड चालवता चालवता त्याचं पाँग आणि स्नेक करून दाखवलं. तो क्षण मी आजही पुन्हा पुन्हा बघतो. एमुलेटरवर चाललेलं खऱ्या यंत्रावर चालवणं किती अवघड आहे, हे कळल्यावर तर तो आणखी मोठा वाटतो.

एनईएसवरची अडचण अशी: ध्वनीचा नमुना वाचायची वेळ आणि कंट्रोलर वाचायची वेळ एकावर एक आली की एक बिट हरवतो. म्हणून सुपर मारिओ ब्रदर्स ३ सारखे गेम दोन वाचनं जुळेपर्यंत कंट्रोलर पुन्हा पुन्हा वाचतात. फाइलमधली बटणं यंत्राला देणारं तुमचं उपकरण प्रत्येक वाचनाला पुढची ओळ देत असेल तर धाव तिथेच संपते. एका फ्रेममधल्या सगळ्या वाचनांना एकच ओळ द्यायला त्याला सांगा. सुपर निन्टेंडोमध्ये ध्वनीच्या भागाचं घड्याळ वेगळं, सिरॅमिक रेझोनेटरचं. ते तापमानाने आणि वयाने थोडं बदलतं, म्हणून एकाच यंत्रावर सकाळी चाललेली धाव दुपारी सुटू शकते. असं झालं तर फाइलला हात लावू नका. त्याच यंत्रावर ओळीने दहा वेळा चालवून बघा, किती वेळा आणि कुठे सुटते ते लिहा. नेहमी एकाच फ्रेमला सुटत असेल तर दोष फाइलमध्ये किंवा उपकरणात आहे. फ्रेम दर वेळी बदलत असेल तर घड्याळात.

आणि मदत मागायची असेल तर ‘मारिओ ८-३ मध्ये मरतो’ एवढंच लिहून पाठवू नका. एमुलेटरची आवृत्ती, कोअर, रॉमचा चेकसम, रीजन, मेमरी भरण्याचा पर्याय, दोन्हीकडचा एकूण लॅग आणि पहिल्या फरकाची फ्रेम, एवढं द्या. यातली शेवटची गोष्ट शोधताना अर्ध्या लोकांना उत्तर आपलं आपणच सापडतं.